गणपतीमागची पेटी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
(वर लिहिलं खरं, पण ते यंदा प्रसन्न आहेत की नाहीत हे पत्र वाचून झाल्यावर आपणच ठरवा.)

मुक्काम मेडनहेड (इंग्लंड), लेकीचं घर
गुरुवार, दुपारची वेळ

प्रिय व्याही श्रीकांतराव यांस,

मुरलीधरचा वाकून नमस्कार. एरवी आपण दोघं एका वयाचे, हात जोडून मोकळे होतो. आज वाकून घालतोय त्याला कारण आहे आणि ते ओघाने येईलच. आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो की ते नवं तेल लागू पडलं? आमच्या विहीणबाई वैजयंतीबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं अवधूतरावांकडून कळलं. त्यांना म्हणावं, महिनाभर तरी बारीक अक्षर वाचायच्या भरीला पडू नका. (हे पत्र मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहितोय, आणि आपणही ते त्यांना वाचून दाखवू नये ही विनंती.)

इकडे आमच्या सौ. सुलक्षणाला हवा मानवली आणि मला चहा. निवेदिता, अवधूतराव आणि वैभवी प्रकृतीने ठणठणीत आहेत. मनाने कशी आहेत ते विचारू नका, कारण त्याचं उत्तर मीच आहे. पत्र पोस्टात टाकलं तर आपल्याला दिवाळीच्या फराळाबरोबर मिळेल, म्हणून वैभवी पानांचे फोटो काढून आपल्या फोनवर पाठवणार आहे. नातीला मराठी बोलता येतं पण माझं अक्षर वाचता येत नाही, म्हणूनच हे काम तिच्याकडे दिलं. फोन करता आला असता. पण काही गोष्टी तोंडाने सांगवत नाहीत, त्यांना कागद लागतो. कागद आपल्या तोंडाकडे बघत बसत नाही.

आपल्याला ठाऊकच आहे की अवधूतरावांना एडिंबराला मोठी नोकरी मिळाली आणि हे घर विकून तिकडे जायचं ठरलं. तिकडचं घर ठरलं, वैभवीचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. आता या देशाची एक गंमत ऐका. राजा एक, नाणं एक, पण कायदे दोन. तिकडे स्कॉटलंडात घर घेतो म्हणून वकिलांचे कागद झाले की माणूस बांधला गेला, माघार नाही. इकडे इंग्लंडात मात्र अगदी शेवटच्या घटकेपर्यंत घेणारा ‘नको’ म्हणून उठून जाऊ शकतो, आणि त्याला कुणी बोल लावत नाही. म्हणजे आमचे अवधूतराव तिकडे स्वतःच्या शब्दाने बांधलेले आणि इकडे दुसऱ्याच्या शब्दावर टांगलेले. हे घर गेलं नाही तर दोन घरांचं ओझं एकट्या माणसाच्या मानेवर. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी जे केलं ते केलं, म्हणून तर नमस्कार वाकून.

माझ्या खिशातला टेस्टर आपल्याला आठवत असेलच. कसा विसराल? पोरांच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना हॉलमधले दिवे गेले आणि मुलीचा बाप रेशमी सदऱ्याच्या खिशातून टेस्टर काढून स्टुलावर चढला होता. भटजी ‘सावधान’ म्हणत होते ते वधूवरांना की मला, याचा उलगडा सुलक्षणाला अजून झालेला नाही. आपण मात्र तेव्हा हसला नाहीत, स्टूल धरून उभे राहिलात. तसे आपण पहिल्यापासून सरळ. देण्याघेण्याचं मी भीत भीत विचारलं तेव्हा म्हणालात, मुलगी मागितली ती मिळाली, आता नारळ तेवढा द्या. एस.टी.च्या खिडकीवर तिकिटं फाडण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे शब्द केवढे मोठे वाटले असतील ते मीच जाणे. तर तो टेस्टर. वायरिंग मी कुणाकडे शिकलो नाही, झटके खात शिकलो. मिरजेच्या घरात एक बटण असं नाही की ज्याने मला एकदा तरी ओळख दिली नाही. त्यामुळे वीज या विषयात आपल्याला कळतं, असा एक गोड गैरसमज मी इतकी वर्षं उराशी धरून होतो. तो या आठवड्यात निवर्तला.

झालं असं. चतुर्थीच्या आधी एका संध्याकाळी मी दिवाणखान्यात पेपर वाचत होतो आणि स्वयंपाकघरात निवेदिता आणि अवधूतराव हळू आवाजात बोलत होते. (मी ऐकत नव्हतो. कान काही पेपरासारखे घडी घालून ठेवता येत नाहीत.) ती म्हणाली, दारातली फ्यूजची पेटी फार जुनी आहे, तिच्यात आर.सी.डी. नाही, इन्स्पेक्टर ते लिहिणारच. अवधूतराव म्हणाले, लिहू दे ना, आपण तर... आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पुढचं मला ऐकू आलं नाही. आर.सी.डी. म्हणजे गळणारी वीज आपोआप तोडणारं यंत्र, एवढं मला माहीत होतं. इकडे घर घेणारा आपला माणूस पाठवून सगळ्या तारा तपासून घेतो, हेही माहीत होतं. राहिलेलं वाक्य मी मनानेच पुरं केलं, आणि ते असं: लिहू दे ना, आपण तर बुडालोच.

आता ती पेटी कुठे आहे ते सांगतो. दारातून आत आलं की डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर, बुटांच्या कपाटाच्या वर. तपकिरी रंगाची, वायरच्या फ्यूजवाली, आपल्याकडे जुन्या गिरणीत असायची तशी. तिच्याकडे बघत बघत माझ्या डोक्यात कल्पना आली आणि कल्पना आली की मला रात्रभर तिची सोबत पुरते. अवधूतराव गणपती दिवाणखान्यात बसवणार होते. मी म्हटलं, छे, दिशा दारातलीच उत्तम. वैभवीने फोनवर होकायंत्र काढून दाखवलं की दिशा काही तशी नाही. मी म्हटलं, हे इंग्रजांचं यंत्र, त्याला आपल्या दिशा काय कळणार. पोरीने फोन खिशात ठेवला. तिच्या आईवडिलांनीही मान्य केलं, कारण म्हातारा माणूस, हौस आहे, राहू दे. मग घर हलवायसाठी आणलेली मोठमोठी खोकी मी कापली आणि असं मखर उभं केलं, असं केलं की काय सांगू. खांब, कमान, मागे सोनेरी कागदाची प्रभावळ. बुटांचं कपाट धुऊन त्यावर जरीचं कापड घातलं, वर मूर्ती, आणि मूर्तीच्या मागे, पुठ्ठ्याच्या पलीकडे, गुडुप्प ती पेटी. मूर्ती लेस्टरहून आणली होती, शाडूची, चांगली हातभर आणि वजनाला भक्कम. सुलक्षणा लांब उभी राहून म्हणाली, ‘अहो, मखर देवासाठी केलंत की भिंतीसाठी?’ बायकांना कसं कळतं ते मला आजवर कळलेलं नाही.

इथवर थांबलो असतो तरी देवाने पोटात घातलं असतं. पण मिरजेहून मी दिव्यांची माळ आणली होती. तिची पिन दोन काड्यांची आणि इकडच्या प्लगला तीन भोकं, आणि वरच्या भोकात काही घातल्याशिवाय खालची दोन तोंड उघडत नाहीत. आपले लोक तिथे पेनचं टोपण खुपसतात हे मला इथल्या मंडळात एकाने सांगितलं होतं. पण मला ते गबाळं वाटलं. काम करायचं तर पक्कं. म्हणून मेन स्विच पाडून, टेस्टर लावून, रीतसर मी तो प्लग भिंतीतून उघडला, माळेची पिन तोडून तारा आतच आवळल्या आणि झाकण एका स्क्रूवर लोंबतं ठेवलं. (उतरवताना सोपं जावं म्हणून. यालाच दूरदृष्टी म्हणतात असं तेव्हा वाटलं होतं.) आरतीच्या वेळी माळ अशी झगमगली की अवधूतराव म्हणाले, बाबा, कमाल केलीत. त्या बिचाऱ्याला कमाल कुठे कुठे केली आहे हे माहीत नव्हतं.

आपल्याकडचा गणपती दीड दिवसाचा. ती आपल्या घराण्याची रीत, आणि गणपती अवधूतरावांनी बसवलेला म्हणजे आपल्याच घराण्याचा. रविवारी विसर्जन आणि सोमवारी इन्स्पेक्टर, असा सगळा बेत त्यांनी आधीच आखला होता. पण रविवारी संध्याकाळी बागेत टब भरून ठेवला, उत्तरपूजेची तयारी झाली, आणि तेव्हा ठरलं की गणपती दहा दिवस ठेवायचा. (कसं ठरलं ते लिहायला अजून हात धजत नाही. शेवटी लिहितो. चहा घेऊन मग लिहितो.)

सोमवारी मंडळी कामाला, वैभवी शाळेत, सुलक्षणा शेजारणीबरोबर बाजारात. घरी मी आणि बाप्पा. बेल वाजली. दारात एक उंचनिंच म्हातारबा, हातात हत्यारांची पेटी, नाव ह्यू, गाव वेल्समधलं. मी त्यांना बूट काढायला लावले आणि त्यांनी ते काढले, एका शब्दाने विचारलं नाही. म्हणाले, फ्यूज बोर्ड कुठाय? मी म्हटलं, देवामागे. म्हणाले, देव जरा बाजूला घेऊ या का. तेव्हा मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलं की यांच्यात प्राण आलेला आहे, उत्तरपूजा होईपर्यंत यांना जागचं हलवायचं नसतं, एक बोटभरही नाही. मला वाटलं हा गोरा माणूस कपाळाला हात लावेल. पण ह्यूसाहेब काय म्हणाले? म्हणाले, माझी आई चर्चमधली मेणबत्तीसुद्धा कुणाला सरकवू द्यायची नाही, देवाचं मी हलवणार नाही. श्रीकांतराव, तिथेच मला पहिली लाज वाटली. खोटं बोलायला गेलो असतो तर सोपं गेलं असतं. मी खरं नियमाचंच सांगितलं आणि ते त्याने मानलं, आणि मला मात्र माहीत होतं की नियमाच्या आड मी काय ठेवलंय.

मग त्यांनी राहिलेलं घर तपासलं. कागदावर लिहिलं: मुख्य पेटी दिसली नाही, पुढे धार्मिक मूर्ती, पुन्हा तपासणी करावी. आणि जाता जाता त्यांची नजर त्या लोंबत्या झाकणावर गेली. श्रीकांतराव, इतका वेळ हसऱ्या चेहऱ्याचा तो माणूस, त्याचा रंगच उतरला. मला हाताने मागे सारलं. मेन स्विच कुठे म्हणाला, आणि मेन स्विच तर बाप्पामागे. शेवटी मी मखराच्या फटीतून लाटणं घालून तो पाडला, मग त्यांनी तारा तोडल्या, झाकण बसवलं आणि कागदावर आणखी काही लिहून तो माझ्या हातात दिला. वर ठळक अक्षरात सी वन. सी म्हटल्यावर मी जरा हिरमुसलो, पण पुढे एक आकडा बघितला आणि बरं वाटलं. पहिला नंबर तर पहिला नंबर. मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि उकडीचे मोदक गरम करायला घेतले. ह्यूसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले की जसा काही मला ताप चढलाय आणि घरात कुणी मोठं माणूस नाही.

मोदक मात्र मन लावून खाल्ले. खाता खाता बोलत बसले. म्हणाले, हे घर जुनं आहे म्हणून बेकायदा नाही. ज्या काळी तारा घातल्या त्या काळच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असेल. पण पुस्तक बदलत जातं. भाड्याच्या घराला एक नियम, राहत्याला दुसरा, आणि स्कॉटलंडात तर आणखी निराळंच, तिकडे धुराचे भोंगेसुद्धा एकमेकांशी जोडलेले लागतात, एक ओरडला की सगळ्यांनी ओरडायचं. (आपल्या घरातल्या बायकांसारखं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण एवढं इंग्रजी नव्हतं. देवाची कृपा.) मी म्हटलं, साहेब, यात नवल नाही. आमच्याकडेही गणपती एकच, पण कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे गौरींबरोबर जातो, कुणाकडे दहा. घरोघरी पुस्तक वेगळं. त्यांना हे फार पटलं. विचारलं, मग तुमच्याकडे नियम पाळले की नाही हे तपासायला कोण येतं? मी म्हटलं, व्याही.

आम्ही दोघंही हसलो. मी जरा कमी हसलो.

आणि मग सहज बोलावं तसं ते बोलले. घर घेणारी पोरगी, हॅना तिचं नाव, तिला सातवा महिना आहे. तिने फोनवर त्यांना एकच गोष्ट विचारली होती. बाळ रांगायला लागलं आणि त्याने कुठे बोट घातलं, तर वीज आपोआप तुटेल ना? म्हणून मला ती पेटी बघायची होती, ह्यूसाहेब म्हणाले, त्या पोरीला उत्तर द्यायचंय. गेलेली वीज जर तारेतून परत न येता कुणाच्या अंगातून निघाली, तर पापणी लवायच्या आत ती तोडणारं ते यंत्र. ते तिथे आहे की नाही, एवढंच.

माझ्या हातातला मोदक हातात राहिला. सांगायची लाज वाटते, पण तोपर्यंत माझ्या डोक्यात घर होतं, जावई होते, इन्स्पेक्टर होता. त्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला एक रांगणारं मूल आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. मी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत होतो, आणि मूठ कुणाच्या बाळावर झाकत होतो? आणि झाकायला आडोसा कुणाचा, तर ज्याला आपण विघ्नहर्ता म्हणतो त्याचा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात. माझं त्याहून वाईट. मी गणपतीचा पडदा केला.

संध्याकाळी मी निवेदिताला कागद दाखवला आणि घाबरत घाबरतच म्हटलं, निदान पहिला नंबर तरी आलाय. तिने वाचला, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, ‘बाबा, सी वन म्हणजे जिवाला धोका, आत्ता या क्षणी. याच्या वरचा नंबर त्यांच्याकडे नाहीये.’ मग उठून आत गेली. ती लहान असताना मी तिला सायकलवरून पाडलं होतं तेव्हाही ती अशीच न रडता आत गेली होती. सुलक्षणा मात्र आत जाणाऱ्यातली नाही. म्हणाली, ‘विघ्नहर्ता दारात बसवलाय आणि विघ्न घरात चहा पितंय.’ तेव्हापासून मी चहासुद्धा न मागता मिळेल तेव्हाच पितो.

पुढचं थोडक्यात. घेणाऱ्यांना तो कागद मिळाला. त्यांना वाटलं, या लोकांनी पेटीपुढे एवढं मोठं देवस्थान उभारलंय, तर मागे नक्की काहीतरी भयंकर दडवलेलं असणार. (खाजवून खरूज काढणे म्हणतात ते हेच.) बुधवारी त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. त्यात विचारलंय की सदर मूर्ती ही जागा केव्हा रिकामी करणार, आणि तिला या घरात राहण्याचा काही हक्क आहे असं कुणाचं म्हणणं आहे काय. निवेदिताने ते मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. वैभवीने तिच्या मराठीत विचारलं, ‘आई, चूक कोणाचा आहे?’ मी पेपर तोंडासमोर धरला. उत्तर देणं खरं तर माझंच काम होतं.

आता स्थिती अशी आहे. उद्या शुक्रवारी सकाळी ह्यूसाहेब पुन्हा यायला तयार आहेत. त्यानंतर ते सुट्टीवर जातात, आणि हॅना आणि तिचा नवरा म्हणतात की उद्यापर्यंत पेटी दिसली नाही तर आम्ही दुसरं घर बघतो. म्हणजे गणपती उद्या सकाळच्या आत मार्गी लागायला हवा. आणि अवधूतराव म्हणतात, नाही. दहा दिवस म्हटलंय तर दहा दिवस. मी म्हटलं, अहो, उत्तरपूजा करू आज. ते म्हणाले, ‘बाबा, असू दे. व्हायचं ते होईल.’ त्यांनी मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर मी आज दुपारी जेवलो असतो.

तर अशी इकडची खुशाली. आपल्या घराण्याची रीत माझ्यामुळे मोडली, आपल्या मुलाच्या गळ्याशी आलं, यासाठी मी आपला अपराधी आहे. वैजयंतीबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

आपला (अजून म्हणवून घेणार असाल तर)
मुरलीधर

ता. क. चहा झाला. आता ते शेवटी लिहितो म्हटलेलं. रविवारी संध्याकाळी अवधूतराव पाटावर बसले होते, हातात अक्षता. उद्या इन्स्पेक्टर येणार आणि पेटी उघडी पडणार म्हणून मी म्हणालो, थांबा, श्रीकांतरावांशी माझं सकाळीच बोलणं झालंय, ते म्हणाले यंदा दहा दिवस ठेवा, या घरातला शेवटचा गणपती आहे. आपण असं काही बोलला नाहीत. सकाळी मी आपल्याला फोनही केला नव्हता. मी आपलं नाव वापरलं, श्रीकांतराव. आयुष्यात आपण माझ्याकडून एक नारळ घेतलात आणि मी आपल्याकडून न विचारता नाव उचललं. अवधूतरावांनी अक्षता परत वाटीत ठेवल्या, म्हणाले, अण्णांनी म्हटलंय ना, मग झालं. म्हणूनच ते आता हटत नाहीत. आपला शब्द मोडायचा नाही म्हणून ते घर मोडून घ्यायला निघालेत.

म्हणून हात जोडून विनंती. आज आपण अवधूतरावांना फोन करावा आणि म्हणावं की हो, दहा दिवस मीच म्हटलं होतं, पण आता मीच म्हणतो की उद्या सकाळी उत्तरपूजा करा. म्हणजे रीत आपली, शब्द आपला आणि अब्रू माझी, तिन्ही राहतील. खोटं बोलायला सांगतोय हे मला कळतं. या वयात दुसऱ्याला खोटं बोलायला लावायचं म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं, असं ते वाढतच चाललंय, मखरासारखं.

ता. क. २ वरची विनंती रद्द. फोन करू नये. वैभवी पानांचे फोटो काढायला बसली तेव्हा मला ही सगळी पानं टेबलावर पसरलेली दिसली. हॅनाच्या बाळापासून लपवलं, लेकीपासून लपवलं, आता आपल्याकडून लपवून घ्यायचं. फोटो थांबवायला सांगितले आणि अवधूतराव कामावरून आल्या आल्या, बूटसुद्धा काढू दिले नाहीत, दारातच बाप्पापुढे उभं करून सगळं सांगितलं. पेटीचं, माळेचं आणि आपल्या नावाचं. त्यांनी ऑफिसची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, ‘बाबा, पेटी जुनी आहे हे आम्ही हॅनाला पहिल्याच दिवशी सांगितलंय. ती बदलून द्यायचंही कबूल केलंय. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.’ कुकरच्या शिट्टीत अडकलेलं वाक्य ते हे. आपण तर सांगितलंच आहे.

मी म्हटलं, मग श्रीकांतरावांचं? तर ते खाली बघून म्हणाले, ‘अण्णांशी मी त्याच संध्याकाळी बोललो. ते म्हणाले, व्याह्यांनी माझं नाव सांगितलंय ना, मग मी म्हटलंच असेन. ते स्वतः सांगत नाहीत तोवर गणपती हलवायचा नाही, आणि त्यांना विचारायचंही नाही.’

म्हणजे आपण रविवारपासून जाणता. मी इतकी पानं ज्याला कळवायला लिहिली त्याला सगळं आधीच कळलेलं. स्टूल आपण अजून धरूनच उभे आहात, आणि मला वाटत होतं मी वर चढून दिवे लावतोय. लाजेपोटी हे पत्र फाडायचं ठरवलं होतं. पण सुलक्षणा म्हणाली, फाडलंत तर ते परत एकदा लपवणंच झालं. म्हणून पाठवतोय, जसं आहे तसं.

ता. क. ३ उत्तरपूजा उद्या सकाळी, ह्यूसाहेब यायच्या आधी. अवधूतरावांनी हॅनाला फोन करून सारं समजावलं. ती आधी घाबरली, मग खूप वेळ हसली, आणि विचारते की विसर्जन बघायला आले तर चालेल का. घर घेणार की नाही हे ती पेटी बघूनच सांगेल, आणि तिचं बरोबर आहे. मोदक पुन्हा करतोय.

सगळं झाल्यावर अवधूतराव म्हणाले, बाबा, एक मागू का? मी म्हटलं, मागा. लग्नात आपण नारळावर काम भागवलंत, या पोराने आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या सदऱ्याच्या खिशातला टेस्टर मागून घेतला.

वैजयंतीबाईंना हे पत्र वाचून दाखवू नये, ही मात्र विनंती कायम आहे.